मष्णूची काठी आणि समितीचा मीटर

आमच्या सातरवाडीच्या बोट समितीच्या ठरावाच्या वहीत मष्णू गावडेबद्दल एक वाक्य आहे : ‘चालकाने टाकीतील डिझेलची चोरी केल्याचे मीटरवरून दिसून येते.’ खाली सात सह्या आहेत. पंधरा वर्षं जो माणूस रोज चार वेळा हे पाणी ओलांडतो, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं समितीला एवढंच सापडलं. बाकीचं मी लिहिते. घरातली सगळी झोपली आहेत आणि मला काही झोप येणार नाही, कारण पूर्णिमाला सकाळी पुन्हा त्याच बोटीनं जायचं आहे.

पूर्णिमा माझी मुलगी. पाण्यापलीकडच्या माळहट्टीच्या मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. सातरवाडी ते माळहट्टी बोटीनं वीस मिनिटं. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा घालून अडतीस किलोमीटर, आणि त्यातही शेवटचा टप्पा पावसाळ्यात चिखलाचा. त्यामुळे बोट ही आमच्याकडे हौसेची गोष्ट नाही. सकाळी ती पूर्णिमाला पलीकडे नेते आणि येताना माळहट्टीच्या मुलांना इकडच्या हायस्कूलला आणते. शाळा सुटली की त्या मुलांना घरी सोडते आणि पूर्णिमाला परत आणते. दिवसाला दोन खेपा. खेप म्हणजे जाऊन येऊन.

ती बोट मष्णू चालवतो. वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण सातवी नापास. त्याच्या वडिलांचं रान याच पाण्याखाली गेलं. पोरवयात तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. तिथल्या खकाण्यानं, तंबाखूच्या धुरळ्यानं, छाती भरायला लागली तेव्हा परत आला आणि एका ट्रॅक्टर मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनं शिकला. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून त्याला काय दुखतं ते तो सांगतो. कमी बोलतो, पण बोलला तर टोचेल असं बोलतो. बोटीत बिडी ओढत नाही, कुणाला ओढू देत नाही. एकदा आमच्या ह्यांच्या तोंडची काढून पाण्यात टाकली होती.

आणि त्याची काठी. निर्गुडीची, सरळ, अंगठ्याएवढी जाड. खालचं टोक डिझेलनं काळं पडलेलं. धूळ लागू नये म्हणून तो ती प्लॅस्टिकच्या पाइपाच्या तुकड्यात घालून ठेवतो. तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खुणा आहेत. त्या लिटरच्या नाहीत, खेपांच्या आहेत. खेपेला निघण्याआधी टाकीचं झाकण काढायचं, काठी तळाला टेकवायची, वर काढून ओल कुठपर्यंत आली ते बघायचं. “सात खेपा हाईत,” असं म्हणायचं आणि मगच किल्ली फिरवायची. नवी फायबरची बोट आली, तिला समोर काट्याचा मीटर होता, तरी त्यानं ही सवय सोडली नाही. नव्या टाकीचं मापही त्यानं पहिल्याच आठवड्यात काठीवर घेतलं होतं. पहिल्या दिवशी पूर्णिमाबरोबर मी गेले होते, तेव्हा हे बघून माझ्या जिवाची घालमेल निम्मी झाली. बाकीची निम्मी अजून आहे.

जुलैच्या शेवटी मीटरचा काटा मेला. टाकी भरलेली असो वा अर्धी, काटा तळालाच. मष्णूनं टाकीवरची चकती उघडून आतला फ्लोट बाहेर काढला. फ्लोट म्हणजे एका दांडीच्या टोकाला बसवलेला पोकळ फुगा. डिझेलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो, दांडी वळते, आणि त्याप्रमाणे वरच्या मीटरचा काटा हलतो. फुग्याला चीर जाऊन आत डिझेल भरलं होतं. तो तरंगणार कुठून?

मष्णू तो घेऊन माझ्याकडे आला. माझं बी. एस्सी. फिजिक्समध्ये झालं आहे, बेळगावात, लग्नाआधी. गावात ते मष्णूशिवाय कुणाच्या लक्षात नाही.

“आक्का, ह्याच्यावर नंबर हाईत बघा. काय म्हणत्यात?”

चकतीवर कोरलेलं होतं : रिकामी २४०, भरलेली ३३. मी त्याला सांगितलं की हा विजेचा रोध आहे. टाकी रिकामी असेल तेव्हा जास्त, भरली की कमी. वरचा मीटर त्याच हिशेबानं बनवलेला असतो, म्हणून नवा फ्लोट आणताना हेच दोन आकडे असले पाहिजेत.

“म्हंजे फ्लोट आणि मीटर ह्यांची भाषा एक पायजे.”

“अगदी तसंच.”

मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं : टाकीची खोली छत्तीस सेंटिमीटर, चकतीला पाच भोकं, रिकामी २४०, भरलेली ३३. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. मष्णूनं तो कागद समितीचे अध्यक्ष ज्योतिबाअण्णा यांच्या हातात दिला आणि म्हणाला, मला बेळगावला जाऊ द्या, मी बघून आणतो.

“तू गेलास तर हिकडं बोट कोण चालवणार? तुझा बाप?” ज्योतिबाअण्णा म्हणाले. “मी जाणारच हाय. आणतो.”

त्यांनी आणला. रविवारी ट्रॅक्टरच्या वायरिंगवाल्याला बोलावून बसवूनही घेतला. त्या दिवशी मष्णू बहिणीकडे बेळगुंदीला गेला होता. सोमवारी संध्याकाळी ज्योतिबाअण्णांनी स्वतः उभं राहून चाळीस लिटर डिझेल टाकीत ओतून घेतलं. मंगळवारी सकाळी मष्णूनं किल्ली फिरवली, तर काटा रिकाम्याच्या खुणेवरून जेमतेम उठलेला.

मष्णूनं काठी घातली. दहा खेपा. मग लपवाछपवी न करता त्यानं स्वतःच अण्णांना फोन लावला की नवा मीटर चुकीचं दाखवतोय. हीच त्याची चूक. गप्प बसला असता तर निदान दोन दिवस तरी सुखाचे गेले असते.

अण्णा धक्क्यावर आले. मी पूर्णिमाला सोडायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

“काल चाळीस लिटर घातलंय. रातीत कुणी पिलं रं?”

“टाकीतच हाय अण्णा. ही बघा काठी.”

“काठी कुणी केली?”

“मी.”

“खुणा कुणी पाडल्या?”

“मीच की.”

“मग चोराच्या काठीवर मी इस्वास ठेवू व्हय? मीटर कंपनीचा हाय. कंपनीला तुझ्याशी काय वैर हाय काय?”

धक्क्यावर दहा-बाराजण होते. कुणी हसलं. मष्णूच्या हातात ओली काठी तशीच होती. दहाव्या खुणेपर्यंत ती डिझेलनं भिजलेली होती, टाकी भरलेली असल्याचा तेवढा पुरावा पुरेसा होता. पण बघायचंच नाही म्हणणाऱ्याला काय दाखवणार? झाकण उघडून आत डोकावणं एवढंच काम होतं. सातजणांच्या समितीतल्या एकालाही वाकावंसं वाटलं नाही.

त्याच दिवशी अण्णांनी टाकीच्या झाकणाला कडी बसवून कुलूप ठोकलं. किल्ली स्वतःच्या जानव्यासारखी गळ्यात अडकवली. संध्याकाळी समिती बसली आणि ते वाक्य वहीत लिहिलं गेलं. पुढच्या महिन्यापासून दुसरा चालक बघायचं ठरलं. तोपर्यंत मष्णूनंच चालवायची, कारण दुसरा कुणी नव्हता. ज्याला तुम्ही चोर म्हणता त्याच्याच हाती पोरांचा जीव रोज द्यायचा, याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

मष्णूची बायको मालुबाई दुसऱ्या दिवशी नळावर भेटली. बायका तिला जागा देऊन जरा लांब सरकल्या होत्या. ती घागर भरत म्हणाली, “आक्का, आमच्या घरात डिझेलवर चालणारं काय हाय सांगा. कंदील बी रॉकेलचा हुता, तोबी मोडलाय.”

गुरुवारी आणखी एक चमत्कार झाला. मीटरचा काटा चढून अर्ध्यावर आला. बोट चार खेपा करून आली होती, टाकीत एक थेंब कुणी ओतला नव्हता, आणि काटा वर चढलेला. अण्णांना आनंद झाला. “बघितलासा? कुलूप लावल्याबरोबर काटा चढला. कुलपाचा गुण.”

मी म्हटलं, “अण्णा, चोरी थांबली तर काटा उतरायचा थांबेल. चढेल कसा?”

“घाबरून परत वतलं असंल.”

“कुठून ओतणार? कुलूप आहे. किल्ली तुमच्या गळ्यात आहे.”

“दुसरी करून घेतली असंल. लई हुशार असत्यात ही मिस्त्री माणसं.”

“नव्या फ्लोटवर आकडे कोणते आहेत? मी कागदावर लिहून दिले होते तेच आहेत ना?”

“वैनी, भोकं पाच हुती. पाच बसली. झालं.”

आणि मी घरी आले. हे लिहायला लाज वाटते. अर्ध्याला अर्धं, भरल्याला रिकामं. आकडे उलटे असले पाहिजेत हे मला तिथंच, धक्क्यावरच कळायला हवं होतं. बहुतेक कळलंही होतं. पण पूर्णिमाची नेमणूक दरवर्षी नव्यानं होते, तिकडच्या शाळा सुधारणा समितीतही अण्णांचाच शब्द चालतो, आणि मी विचार केला की उगाच कशाला. मष्णूवर चोरीचा आळ येऊन तीन दिवस झाले होते आणि मी ‘उगाच कशाला’ असा विचार केला.

शनिवारी सकाळची शाळा. सकाळची खेप नववी. दुपारी धक्क्यावर माळहट्टीची नऊ मुलं दप्तरं घेऊन उभी होती, पलीकडे पूर्णिमा वाट बघत होती. काटा पूर्ण भरल्याच्या खुणेवर. मष्णूनं अण्णांना फोन केला. ते खानापूरला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. मष्णूनं फोन कानापासून जरा लांब धरला होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं.

“अण्णा, ही दहावी खेप हाय. आठवडाभर वारा उलटा हुता, डिझेल जास्त गेलंय. किल्ली पाठवून द्या, काठी घालून बघतो.”

“मीटर काय म्हणतोय?”

“भरल्यालं म्हणतोय.”

“मग तुला काय पायजे? डिझेल काढलंस तर काढलंस, आता बघायलाबी पायजे व्हय?”

फोन बंद झाला. मष्णूनं आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला काळं झालं होतं. मुलांना थांबवून ठेवावं तर ती राहणार कुठं? रस्त्यानं पाठवावं तर दुपारची एकच एस. टी. निघून गेली होती. तो मला म्हणाला, “आक्का, तुम्ही हितंच थांबा,” आणि घराकडे गेला. आला तेव्हा त्याच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यानं इंजिनाच्या मागे ठेवलं. नंतर कळलं, तो पाच लिटरचा कॅन होता. मालुबाईच्या भावाच्या ट्रॅक्टरमधून मागून आणलेला. चोरीचा आळ असलेल्या माणसाला डिझेलचा कॅन पोत्यात लपवून बोटीत न्यावा लागतो, आणि तोही मेव्हण्याच्या घरचा.

मुलं पलीकडे उतरली. परतीच्या वाटेवर बोटीत पूर्णिमा, तिकडच्या अंगणवाडीच्या ज्योत्स्नाबाई, एक म्हातारे गृहस्थ आणि दोन लहान भाऊ. मी धक्क्यावर उभी. बोट मध्याच्या जरा अलीकडे आली आणि इंजिनाचा आवाज बंद झाला.

लांबून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. नुसती बोट आडवी फिरताना दिसते. वारा तिला उजवीकडे ढकलत होता. तिकडे जुन्या गावची बुडालेली आमराई आहे. उन्हाळ्यात खुंट दिसतात, ऑगस्टमध्ये ते पाण्याखाली वीतभर असतात आणि कुठं आहेत ते फक्त मष्णूला माहीत. मी हाक मारली असेन. बाजूचे लोक सांगतात की मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले होते. मला ते आठवत नाही. चप्पल मात्र एकच घरी आली.

बोटीत काय झालं ते पूर्णिमानं सांगितलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गेलं. सगळ्यांनी मीटरकडे बघितलं. भरलेला. म्हातारे म्हणाले, “डिझेल तर हाय की रं.” मष्णू म्हणाला, “मग इंजिनाला प्यायला सांगा बघू, आजोबा.” मग त्यानं मोठा पाना उचलला आणि तिसऱ्या घावाला समितीचं कुलूप तोडलं. काठी आत घातली. कोरडी आली. त्यानं ती पूर्णिमाला दाखवली.

कॅन ओतला, पण डिझेलचं इंजिन एकदा कोरडं पडलं की नळीत हवा धरतं. नुसतं डिझेल घालून ते चालू होत नाही. नट सैल करायचा, हातपंपानं दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. तोपर्यंत दम धरायचा. मष्णू पालथा पडून पंप दाबत होता आणि तोंडानं पूर्णिमाला सांगत होता, “बाय, वल्ह्यानं डावीकडं रेट. मऊ लागलं तर चिखल. टणक लागलं तर मला हाक मार.” ज्योत्स्नाबाईंनी दोन्ही पोरांना खाली बसवून त्यांची लाइफ जाकिटं आवळून बांधली. एका जाकिटाचं बक्कल तुटलेलं होतं, त्याला त्यांनी आपल्या साडीच्या पदराची गाठ मारली. दोनदा टणक लागलं. दुसऱ्यांदा बोटीला ओरखडा उठून थोडं पाणी आत आलं. वीस-बावीस मिनिटांनी इंजिन लागलं.

धक्क्याला उतरल्यावर पूर्णिमा रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, टाकी कोरडी होती. आणि काटा अजून भरलेलाच आहे. जाऊन बघ.”

मी गेले आणि बघितलं.

रविवारी सकाळी मष्णूच्या घरी नोटीस गेली. ‘समितीच्या मालकीचे कुलूप विनापरवाना तोडल्याबद्दल खुलासा द्यावा.’ मी ती तीनदा वाचली. मष्णूसकट सहा माणसं जिवंत आली त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. टाकी कोरडी का होती त्याबद्दल नव्हतं. कुलूप.

मी नोटीस घेऊन थेट समितीच्या खोलीत गेले. मष्णू यायला तयार नव्हता. “जाऊ द्या आक्का, नव्या चालकाला शिकवून मी सुटतो,” म्हणत होता. मालुबाईनं त्याला पाठीला हात लावून बाहेर ढकललं. सातहीजण खोलीत होते. मी म्हटलं, दहा मिनिटं धक्क्यावर चला. कुणी उठेना. तेव्हा मी म्हटलं, “नाहीतर मी मुलांच्या आईबापांना घेऊन येते, नऊच्या नऊ घरांतून. मग इथंच बोलू.” मग उठले.

मष्णूनं टाकीवरच्या चकतीचे पाच स्क्रू काढले आणि वायरी तशाच जोडलेल्या ठेवून फ्लोट बाहेर घेतला. किल्ली फिरवली.

मी म्हटलं, “अण्णा, हा फुगा वर असला म्हणजे टाकी भरलेली. बरोबर?”

“व्हय.”

मष्णूनं फुगा बोटानं वर उचलला. मीटरचा काटा तळाला गेला. फुगा खाली सोडला. काटा सरसर चढून भरल्यावर जाऊन बसला. पुन्हा वर. पुन्हा खाली. मष्णू ते इतक्या संथपणे करत होता की जणू झोपलेल्या लेकराला झुला देतोय. सहाजण अण्णांकडे बघत होते आणि अण्णा काट्याकडे.

चकतीवर आकडे होते : रिकामी १०, भरलेली १८०. माझा कागद अण्णांच्या खिशात, बेळगावला घालून गेलेल्या त्याच सदऱ्याच्या खिशात होता. काढायला लावला. दोन रेघा मारलेल्या होत्या.

“म्हंजे माल उलटा दिला की त्यानं,” अण्णा म्हणाले. “दुकानदारावर केसच करूया.”

एवढं सगळं होऊन दोषी कोण, तर बेळगावचा दुकानदार. त्यानं बिचाऱ्यानं पाच भोकं मागितली तर पाच भोकं दिली.

नवा फ्लोट आणायला मष्णूच जाईल असं ठरलं. मीही गेले. माझं माहेर खासबागचं, तिथं पिशवी टाकून आम्ही बाजारात गेलो. मष्णूनं जुना, चीर गेलेला फ्लोट धुऊन फडक्यात बांधून आणला होता. बरोबर काठी होती. बसमध्ये कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं, मष्णू म्हणाला, “तिला पास हाय.”

दुकानदार कानडी बोलणारा, हसरा माणूस होता. त्यानं चार प्रकार काउंटरवर मांडले. मष्णूनं पहिल्याचे आकडे वाचून घेतले आणि परत ठेवला. दुसऱ्याचे आकडे जुळत होते, पण दांडी लांब होती. टाकीच्या आत लाटेनं डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवा पत्रा असतो, तिला तो लागला असता. तिसरा घेऊन त्यानं जुन्या चकतीवर ठेवून बघितला. पाचपैकी दोन भोकांमधलं अंतर मुद्दाम वेगळं असतं, त्यामुळे चकती एकाच बाजूनं बसते, आणि तशी बसवली तर फुगा भिंतीला घासणार होता. हे मला माहीत नव्हतं. फिजिक्समध्ये शिकवत नाहीत.

“भोकं पाच आहेत, यजमान, बसेल,” दुकानदार म्हणाला.

“भोकं बसूनच माझी बोट मधी बसलीती.”

“मामा, फ्लोट बघायला आलाय की बायको बघायला?”

“बायको न बघता केलती, ती चांगली निघाली. फ्लोट न बघता आणलता, तो वंगाळ निघाला.”

दुकानदार इतका हसला की त्यानं चहा मागवला. मग आतून चौथा प्रकार काढला. त्याला दांडीच नाही. एक सरळ नळी आणि तिच्यावर वरखाली सरकणारा फुगा. लाटेत डोलत नाही, पत्र्याला लागत नाही, फक्त लांबी टाकीच्या खोलीशी जुळली पाहिजे. मष्णूनं काठी काउंटरवर आडवी ठेवली आणि नळी तिच्याशेजारी. तळाला दोन बोटं सुटत होती. “गाळ बसतो तळाला, तेवढी पायजेत.” मग त्यानं दुकानदाराला रोध मोजायचं यंत्र आणायला लावलं. फुगा खाली : २४०. फुगा वर : ३३. मधे कुठं अडकतो का ते त्यानं सात-आठ वेळा सरकवून बघितलं. चकतीखालची रबरी वायसर नाकाला लावून हुंगली, डिझेलनं फुगणारी नाही ना म्हणून विचारलं, आणि दुसरी मागितली. या सगळ्याला तास गेला. कुणी त्याला आधीच पाठवलं असतं तर हाच तास गेला असता, एवढाच.

फ्लोट बसला. काटा बरोबर चालतो. मष्णूला काढायचं आपोआप बारगळलं, कारण दुसरा चालक मिळाला नाही. कुणी माफी मागितली नाही. मष्णूनं फक्त एक मागितलं : वहीतलं ते वाक्य खोडा. “नातू वाचायला शिकलाय,” तो म्हणाला. पुढच्या बैठकीत बघू, असं उत्तर आलं. तीन बैठका झाल्या. एकीत कोरम नव्हता, दुसरीत विषयपत्रिकेवर नव्हतं, तिसरीत म्हणाले की एकदा लिहिलेलं खोडायला वरून परवानगी लागते. लिहायला मात्र लागली नव्हती.

मग परवाचा सोमवार. अण्णांच्या पुतणीच्या लेकराचं माळहट्टीला बारसं. अण्णा, त्यांच्या मंडळी, सून, दोन नातवंडं, पेढ्यांचे पुडे. वारा होता. सगळी बोटीत बसली. मीटरचा काटा अर्ध्याच्या वर. मष्णूनं किल्लीला हात घातला तसे अण्णा म्हणाले,

“मष्णू, जरा काठी घालून बघ रं.”

मष्णूनं हात काढून घेतला. “मीटर अर्ध्याच्या वर हाय की अण्णा.”

“ते हाय रं. पण पोरं हाईत बोटीत. तू आपली काठी घाल.”

“खुणा माझ्याच हाईत. चालतील?”

बोटीत आणि धक्क्यावर मिळून वीसेक माणसं असतील. यावेळी कुणी हसलं नाही. अण्णांच्या मंडळींनीच तोंड उघडलं, “काय ते त्याचं खोडून टाका की एकदा. बारशाची वेळ टळायला लागलीय.”

अण्णांनी माणूस पाठवून वही मागवली, तिथंच मांडीवर घेतली आणि माझं पेन मागितलं. रेघ मारली, बाजूला सही केली. मष्णूनं वही हातात घेऊन ओळीवरून बोट फिरवलं, ती परत दिली, मग पाइपातून काठी काढून टाकीत घातली. “सहा खेपा हाईत,” तो म्हणाला, आणि बोट गेली.

संध्याकाळी मी वही बघून आले. अण्णांनी मारलेली रेघ एकच आहे, बारीक, आणि तिच्याखालून ‘डिझेलची चोरी’ सरळ वाचता येतं. मष्णूला तसं म्हटलं तर तो म्हणाला, “आक्का, रेघ तर मारली.” त्याचं समाधान झालं असेल. माझं झालेलं नाही. उद्या सकाळी पूर्णिमाला बोटीत बसवून मी परत समितीच्या खोलीत जाणार आहे आणि त्या रेघेखाली, खरं काय झालं ते, तेवढ्याच जाड अक्षरात लिहून घेणार आहे. पेन माझंच आहे.